पुढच्या खोलीतला फ्रिज

नाशिक रोड
२ फेब्रुवारी, रविवार

रूपाली,

'प्रिय' मुद्दामच लिहिलेलं नाही. तू माझा नंबर ब्लॉक केलास. समाधानच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. बारावीच्या पोरांना पाच महिने दर रविवारी लिहायला शिकवलं आणि शेवटी पोस्टात रांग लावून पाकीट घ्यायची वेळ माझ्यावर आली, हे छान झालं.

आधी बातमी, कारण ती तुला कोणी सांगितली नसेल. शुक्रवारी संस्थेने शिष्यवृत्तीची यादी लावली. माझ्या गटातल्या पाच जणांपैकी एकट्या समाधानचं नाव आहे. तुझं नाही. गृहभेटीपर्यंत तू पहिली होतीस, रूपाली. पुण्याच्या विद्यापीठातली जागा, वसतिगृह, चार वर्षांचं सगळं शिक्षण, सगळं तुझ्या पदरात पडलेलं होतं. तुझ्या नावापुढे आता एक शेरा आहे, 'निबंधातील माहिती वस्तुस्थितीशी जुळत नाही.' संस्थेच्या कर्णिक मॅडमनी तो स्वतःच्या अक्षरात लिहिलाय.

हे कोणामुळे झालं, ते मी सांगायला हवं का?

एकोणीस तारखेला गृहभेटीसाठी आम्ही संस्थेच्या गाडीतून मातोरीच्या फाट्यावर उतरलो तर तुझे वडील चुलत्यांची पांढरी गाडी घेऊन उभे. कडक इस्त्रीची टोपी. दारात रांगोळी. पुढच्या खोलीत शेजाऱ्यांचा सोफा, त्यावरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. आणि त्या खोलीत, दारातून शिरल्या शिरल्या समोर, फ्रिज. झेंडूची माळ घातलेला, कुंकू लावलेला फ्रिज. तुझी आई लग्नातला हिरवा शालू नेसून त्याच्या बाजूला उभी, आणि जानेवारीच्या थंडीत तिने कर्णिक मॅडमना त्यातली बाटली काढून गार पाणी दिलं. मॅडमच्या मांडीवर तुझा निबंध उघडा होता. त्यात काय लिहिलंय ते तुला पाठ असेल. 'आमच्या घरात संध्याकाळी दिवा लागत नाही. रात्रीची शिळी भाकरी आम्ही सकाळी पाण्याबरोबर खातो.' आणि पुढ्यात पुरणपोळीचं ताट, वर तुपाची धार.

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस आणि माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतीस.

मी आदल्या दिवशी फोन करून एवढंच म्हटलं होतं, की घर जसं आहे तसं ठेवा. एवढी साधी गोष्ट तुम्हाला जमली नाही. गावात मोठेपणा मिरवायचा होता, मिरवला. परतीच्या गाडीत मी तुझ्या बाजूने किती बोलले, ते माझं मला माहीत. उपयोग झाला नाही.

पुढच्या मंगळवारी इंग्रजीचा पेपर आहे. निदान तो तरी नीट लिही.

स्नेहलताई


नाशिक रोड
१२ फेब्रुवारी, बुधवार

रूपाली,

पाकीट मिळालं. आत तुझं पत्र असेल म्हणून मी ते जिन्यातच फाडलं. आत माझंच पत्र. लाल शाईने तपासलेलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, हे तुला कळावं म्हणून लिहिते. जुलैमध्ये पंचवटीतल्या शाळेच्या हॉलमध्ये मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, की दुसऱ्याचा मजकूर वाचताना समासात फक्त प्रश्न लिहायचे, उपदेश नाही. नेमकं काय? कोण म्हणालं? उदाहरण? आणि सगळ्यात महत्त्वाचा, 'खरं की छान?' ते सगळे प्रश्न तू माझ्यावर उलटवलेस. बरोबर त्याच अक्षरात, बरोबर त्याच जागी. शिकवलेलं इतकं नीट आठवतंय तर मग प्रश्नच मिटला.

'मोठेपणा मिरवायचा होता' याखाली रेघ आणि बाजूला, 'कोण म्हणालं?' 'तुझ्या बाजूने किती बोलले' याच्यापुढे, 'उदाहरण द्या.' आणि 'घर जसं आहे तसं ठेवा' याखाली दोन रेघा, आणि समासात, 'नेमकं काय म्हणालात? स्पीकर चालू होता. माझे हात माळेत होते. आई समोर बसली होती.'

हे मला माहीत नव्हतं. फोन स्पीकरवर आहे हे सांगायची पद्धत असते. तू सांगितलं नाहीस. मी तुझ्याशी बोलत होते, तुझ्या आईशी नाही.

ठीक आहे. नेमकं लिहिते. मी म्हणाले, "फ्रिज काकांकडे हलवा. टीव्हीवर चादर टाका. आईला म्हणावं, घरात नेसते ती विटकी साडीच नेस, शेतातून आल्यासारखं दिसलं पाहिजे. आणि खायला काही करू नका, चहा द्या फक्त, तोही कोरा."

झालं समाधान? लिहिलं.

पण हे मी का म्हणाले, तेही लिही ना समासात. मी माझ्यासाठी म्हणाले का? ती जागा मला मिळणार होती का? मी एक साधी टी. वाय. बी. ए. ची मुलगी, दर रविवारी नाशिक रोडवरून दोन बस बदलून पंचवटीत येत होते, तुमचे कागद पिशवीत भरून घरी नेत होते. माझी स्वतःची परीक्षा मागे ठेवून. फ्रिज एका दुपारपुरता काकांच्या ओसरीवर गेला असता तर त्याचं काय झिजणार होतं? चार वर्षांसाठी दोन तास. एवढा सौदा तुझ्या आईला कळत नसेल असं मला वाटत नाही. त्या फुलबाजारात उभ्या राहतात, घासाघीस करतात. पण इथे मात्र त्यांना मान आठवला.

मला रागच आलाय आणि तो मी लपवणार नाही. फ्रिजला माळ घालणं हे माझ्या तोंडात मारणं होतं. तो फ्रिज त्यांनी पाहुण्यांसाठी बाहेर आणला नव्हता, माझ्यासाठी आणला होता. आणि ते मारताना तुझं काय होईल याचा विचार त्यांनी केला नाही.

गाडीतल्या बोलण्याचं नंतर लिहीन.

स्नेहलताई


नाशिक रोड
२३ फेब्रुवारी, रविवार

रूपाली,

या वेळी लाल शाईची एकच खूण. 'नंतर' या शब्दाभोवती गोल आणि बाहेर, 'केव्हा?'

तू फार हुशार आहेस. हे मी जुलैतच ओळखलं होतं आणि तिथेच घोटाळा झाला.

आज दुसरंच लिहायचं आहे. मी तुझा पहिला निबंध काढून वाचला. फेकला नव्हता, माझ्याकडेच होता. 'आमच्याकडे फ्रिज आला तो दिवस.' फ्रिज आला आणि आईने त्यात पहिल्यांदा गुलाब ठेवले. वडील म्हणाले, दूध कुठं ठिवू. आई म्हणाली, दूध आजच संपंल, गुलाब उद्या बाजारात न्यायचेत. त्या दिवसापासून आमच्या वरणालासुद्धा गुलाबाचा वास येतो आणि मामा जेवायला आले की म्हणतात, हे वरण हाय का अत्तर. हे वाचून मी बसमध्ये एकटी हसले होते, बाजूच्या बाईने बघितलं होतं माझ्याकडे. मी समासात लिहिलं होतं, 'खरंही आणि छानही.' आणि खाली, तीन आठवड्यांनी, दुसऱ्या पेनाने लिहिलं, 'पण यात संघर्ष कुठे आहे?'

त्या तीन आठवड्यांत काय झालं ते तुला माहीत नाही. कर्णिक मॅडमनी आम्हा सगळ्या शिकवणाऱ्यांची बैठक घेतली. मागच्या वर्षी निवडले गेलेले निबंध वाचून दाखवले. एकात बाप दारूने मेलेला, एकात झोपडी जळलेली, एकात मुलगी पाणी भरताना शाळेची घंटा ऐकते आणि रडते. मॅडम म्हणाल्या, "समितीच्या काळजाला हात घातला पाहिजे. तुमच्या मुलांची वेदना बाहेर काढा." वेदना बाहेर काढा, जसं काही आम्ही दाताचे डॉक्टर. आणि मी मान डोलावली. मागच्या वर्षी माझ्या गटातून एकाचीही निवड झाली नव्हती. या वर्षी झाली असती तर जूनपासून संस्थेत मला जागा होती, दोन वर्षांची, पगारी. हे तुला मी सांगितलं नव्हतं. मागच्या पत्रात 'मी माझ्यासाठी म्हणाले का' असं तावातावाने विचारलं, तिथे तू प्रश्न लिहायला विसरलीस. मी आठवण करून देते.

म्हणून मी तुला विचारत सुटले. लहानपणी उपाशी झोपलीस का? नाही. शाळेत चालत जायचीस का? वडील गाडीवर सोडायचे, ताई. घरात कोण आजारी? आजीचे गुडघे. दर रविवारी मी तुझ्याकडे दुःख मागत होते आणि तू चाचपून बघत होतीस, आहे का कुठे. एकदा तू म्हणालीस, "ताई, आमच्याकडं असं काही झालंच नाय." आणि मी तुझ्यावर चिडले. तुझ्या घरी काही वाईट घडलं नाही म्हणून मी तुझ्यावर चिडले, रूपाली.

दिवा लागत नाही, शिळी भाकरी, 'आईचे फाटलेले हात पाहून मला पुस्तकाची पानं उलटवत नाहीत.' या ओळी माझ्या आहेत. मी सांगितल्या, तू लिहून घेतल्यास. शेवटची ओळ लिहून झाल्यावर तू विचारलंस, "आईनं वाचलं तर?" मी म्हटलं, "आई कशाला वाचेल?"

समाधानचंही तुला माहीत असलं पाहिजे. त्याचे वडील खरंच वारले, त्याला ते लिहायचं नव्हतं. म्हणाला, ते माझं आहे. मी त्याला गोड बोलून लिहायला लावलं आणि त्याची निवड झाली. तो पेढे घेऊन आला, पुडा टेबलावर ठेवला आणि 'येतो' म्हणून गेला. बसलासुद्धा नाही.

माझे बाबा प्रेसमध्ये आहेत, नोटा छापतात तिथे. रोज सुटताना गेटवर त्यांची झडती होते. डबा उघडून दाखवावा लागतो. लहानपणी मला त्याचा फार राग यायचा. बाबा म्हणायचे, कामाच्या जागी झडती असते, त्यात काय, घरात कोण घेतंय. परवा जेवताना मी त्यांना तुमच्या गृहभेटीचं सांगितलं. फ्रिजचंही सांगितलं. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "तू लोकांच्या घरात झडती घ्यायला गेलीस आणि वर त्यांनाच सांगितलंस, काय काय लपवा म्हणून?" आणि ताट सरकवून उठले. माझे बाबा अन्न टाकत नाहीत कधी.

सगळा राग तुझ्या आईवर काढणं सोपं होतं. अजूनही थोडा आहे, खोटं कशाला बोलू. पण कर्णिक मॅडमवर जास्त आहे. आणि राहिलेला कोणावर ते तू जाणतेसच.

स्नेहल


नाशिक रोड
९ मार्च, रविवार

रूपाली,

मागचं पत्र परत आलं नाही. आठ दिवस पोस्टमनची वाट बघितली आणि मग आज सकाळी फुलबाजारात गेले. तुझे वडील भेटतील, त्यांच्याकडे विचारू, एवढाच बेत होता. वडील टेम्पो लावायला गेले होते. तुझी आई बसली होती, पुढ्यात शेवंती आणि गुलाबाच्या जुड्या.

मी परत फिरणार होते. त्यांनी बघितलं. म्हणाल्या, "या ताई. घरला आल्या व्हत्या तव्हा तुमच्याशी बोलनंच झालं नाय."

मी म्हटलं, "काकू, रूपाली कशी आहे?"

"पेपर देती हाय. तुमच्या चिठ्ठ्या येत्यात त्या वाचती. लाल पेन आन म्हनली बापाला." मग एका गिऱ्हाइकाला जुडी बांधून देत, माझ्याकडे न बघता, त्या बोलायला लागल्या. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"ताई, मी शाळा चौथीपात्तूर शिकले. वाचता येतं मला. रूपीच्या पिशवीत तो कागद व्हता, मी वाचला, फोनच्या लय आधी. म्हनलं असंल, शिकायच्या गोष्टी असत्यात, काल्पनिक लिव्हायला सांगत असतील. काय बोलले नाय मी. मंग तुमचा फोन आला. तव्हा कळलं, त्ये काल्पनिक नाय, त्ये आमचं म्हनून दाखवायचंय." गाठ मारली, दोरा दाताने तोडला. "माझी पोर कधी गरीब नव्हती. तिला तुमी गरीब लिव्हायला शिकवलं. पाव्हनं घरी येनार आन आमी आमचंच सामान चोरल्यावानी लपवून ठिवू? मी रातभर इचार केला. सकाळी रूपीच्या बापाला म्हनलं, फ्रिज उचला, पुढं आना."

मी म्हटलं, "काकू, तिची जागा गेली."

"म्हाईत हाय. माझ्यामुळं गेली, म्हाईत हाय." पहिल्यांदा त्यांनी वर बघितलं. "त्याचं मला काय वाटत नसंल असं समजू नका. रोज वाटतं. पोर माझ्याशी धड बोलत नाय. पन तुमच्यावर तिचा भरवसा हाय अजून. काल म्हनली, ताईनं तिखट लिव्हलं तरी गाडीत आपली बाजू धरली असंल. काय बोलली ते सांगत नाय, पन धरली असंल."

एक जुडी विकत घेतली, उगाच, आणि निघाले. निमाणीच्या स्टँडवर अर्धा तास बसून राहिले. एक बस गेली, दुसरी गेली.

तर 'केव्हा?' याचं उत्तर आज.

गाडीत कर्णिक मॅडम पुढे बसल्या होत्या. फाटा मागे पडल्यावर म्हणाल्या, "स्नेहल, या मुलीने सरळसरळ खोटं लिहिलंय. तुला कल्पना होती?" मी म्हणाले, "नाही मॅडम. मलाही धक्का बसला." मग त्या म्हणाल्या, "चांगली मुलगी वाटली होती." आणि मी म्हणाले, "घरचे शिकवत असतील."

हे माझे शब्द आहेत. घरचे शिकवत असतील. तुझ्या आईच्या हातची पुरणपोळी खाऊन तासही झाला नव्हता. बाजू वगैरे काही धरली नाही. तुझ्या 'उदाहरण द्या' याला माझ्याकडे उदाहरण नव्हतं, कारण तसं घडलंच नव्हतं.

आज मी निवड समितीला पत्र लिहिलंय. कोणत्या ओळी माझ्या, फोनवर काय सांगितलं, गाडीत काय बोलले, सगळं. उद्या स्वतः नेऊन देणार आहे आणि पोच घेणार आहे. तुझा फ्रिजचा निबंध सोबत जोडायचा असं आधी ठरवलं होतं. मग पाकिटातून काढला. तो तुझा आहे आणि मी विचारलेलं नाही. तो या पत्रात घालून परत पाठवतेय.

आईशी बोल. तिच्याशी अबोला धरून तू चुकीच्या माणसाला शिक्षा करतेयस. मी समोर आहे, माझ्याशी अबोला धर.

स्नेहल


नाशिक रोड
२९ मार्च, शनिवार

रूपाली,

काल दुपारी कर्णिक मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. तू सकाळी तिथे येऊन गेलीस हे मला तिथे गेल्यावर कळलं. पाडव्याच्या तोंडावर, झेंडूचा एवढा मोठा बाजार सोडून तुम्ही दोघी मायलेकी आलात, आई बाहेर बाकावर टोपली घेऊन बसून होती, हे शिपायाने सांगितलं.

माझ्या पत्रामुळे समितीने पुन्हा विचार केला म्हणे. मॅडम मोठ्या मनाने सांगत होत्या. त्यांनी तुझ्यापुढे एक कोरा कागद ठेवला आणि म्हणाल्या, संस्थेची माफी माग, चार ओळींत, जागा अजून आहे. एवढंच. चार ओळी. तुझ्या तोंडापर्यंत घास आला होता, रूपाली.

मॅडमनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, "वाच. तुझी विद्यार्थिनी."

तू लिहिलं होतंस:

'माझ्या निबंधात मी आमच्या घराबद्दल खोटं लिहिलं. आमच्या घरात दिवा लागतो. भाकरी ताजी असते, ती माझी आई करते. मी माझ्या आईची माफी मागते. रूपाली निवृत्ती पिंगळे.'

मी तो तीनदा वाचला. मॅडम म्हणाल्या, "यात संस्थेचं नाव कुठंय? मी तिला सांगितलं, बाळ, पुन्हा लिही, माफी आमची मागायची आहे. तर म्हणाली, ज्यांच्याबद्दल खोटं लिहिलं त्यांची मागितली. तुमच्याबद्दल मी काही लिहिलेलं नाही. आणि उठली. म्हणाली, बाजाराची वेळ झाली." मॅडमना खरंच दुःख झालं होतं. त्यांना वाटत होतं त्यांनी तुला संधी दिली. "असा ताठा असेल तर पुढे कसं होणार? जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलीला दिली आज."

मला इतका संताप आला, की आधी तुझाच आला. का नाही लिहिलंस? दोन शब्द लिहून जागा घ्यायची होती आणि मग पुण्याला जाऊन हवं ते लिहायचं होतं. हे मी मनात म्हणाले आणि मलाच माझा आवाज ओळखू आला. हाच तो फोनवरचा आवाज. एका दुपारपुरता फ्रिज हलवा.

मग मॅडमचा आला. मी म्हटलं, "मॅडम, खोटं आम्ही लिहून घेतलं. तुम्ही वेदना मागितली, मी ती काढून दिली. माफी तुम्ही आणि मी मागायची, आणि कागद तिच्यापुढे ठेवलात?" त्या म्हणाल्या, "स्नेहल, आवाज." मी म्हटलं, आवाजाचं राहू द्या. टेबलावरचं पेन घेतलं आणि तुझ्या नावाखाली सही केली. त्या म्हणाल्या, "हे काय? तुझी सही कशाला?"

मी म्हटलं, "निम्मं खोटं माझं आहे."

जूनपासूनची माझी जागा गेली. त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. हे मी तुला उपकार म्हणून कळवत नाही, मागे ती गोष्ट तुझ्यापासून लपवली होती म्हणून कळवते.

तू पुढे काय करावंस, कुठे प्रवेश घ्यावास, काही सांगणार नाही. मी पाच महिने खूप सांगितलं.

पण तो कागद संस्थेच्या फायलीत राहणार. त्यातली माझी सही तुझ्या आईला कधी दिसायची नाही. आणि गाडीत मी काय म्हणाले, ते तू त्यांना वाचून दाखवलं असशील किंवा नसशील. म्हणून पाडवा झाल्यावर, सात एप्रिलला, सोमवारी सकाळी, मी मातोरीला येतेय. गाडी फाट्यावर पाठवू नका, मी चालत येईन. तू घरी असलीस तर बरं, नसलीस तरी चालेल. माझं काम त्यांच्याकडे आहे.

स्नेहल